घरच्या दोन अर्जांनंतर

पतसंस्थेच्या कर्ज विभागात नोकरी केली की एक खोड लागते. समोरचा बोलायला लागला की आपलं लक्ष त्याच्या हातातल्या पिशवीकडे जातं. सातबारा आणलाय का, आठ-अ कुठंय, जामीनदाराच्या सहीवर तारीख कुठली. माणूस काय सांगतोय ते नंतर. आता माझ्याकडे बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाप येतात, तरी ती खोड गेलेली नाही. पिशवीत फक्त सातबाऱ्याच्या जागी नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र असतं. कधी ते नसतं, आणि मग तिथूनच बोलणं सुरू होतं.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं सगळं बघून देणारी बाई, अशी साताऱ्यात माझी थोडीफार ओळख झाली आहे. ठरवून काहीच केलं नव्हतं. आधी थोरलीचा प्रवेश, मग धाकट्याचा, मग नणंदेच्या मुलाचा, मग नणंदेच्या शेजारणीचा.

थोरली २०२० साली बारावी झाली. ते वर्ष कसं गेलं ते सांगायला नको. एप्रिलमध्ये व्हायची सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली, आणि प्रवेशाच्या फेऱ्या पुढच्या जानेवारीपर्यंत रेंगाळल्या. कागदपत्रांची तपासणी घरबसल्या करायची सोय त्याच वर्षी सुरू झाली. कागद स्कॅन करून चढवायचे, पलीकडे सुविधा केंद्रातला कुणीतरी ते बघणार, आणि खोट निघाली तर शेरा मारून अर्ज परत पाठवणार. सोसायटीतल्या इतर आया या परत आलेल्या अर्जाने हवालदिल व्हायच्या. मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. जन्मभर मीच लोकांच्या फायली शेरे मारून परत पाठवल्या होत्या.

टाळेबंदीने वेळ भरपूर दिला होता. राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि पेन्सिल घेऊन वाचली. मग आदल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ उघडली. शेकडो पानं, प्रत्येक पानावर एकेका कॉलेजच्या शाखा, आणि त्याखाली जीओपीईएनएच, एलओपीईएनओ, जीओबीसीएस असली अगम्य अक्षरं. थोरली म्हणाली, आई, हे कुणी माणसाने वाचायचं नसतं. पण एकदा किल्ली सापडली की ते सोपं आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं, ओ म्हणजे हद्दीबाहेरची, एस म्हणजे सगळं राज्य एकाच यादीत.

आम्हा सातारकरांचा सगळा जीव या शेवटच्या अक्षरात अडकलेला आहे. सातारा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात येतो. आमच्या मुलांचं मन मात्र पुण्यात असतं. पुणे दोन-अडीच तासांवर, मावशी-काका तिथे, नोकऱ्या तिथे. पण पुण्यातल्या खासगी कॉलेजात आमची मुलं हद्दीबाहेरची. ज्या कॉलेजांत हा हद्दीचा नियम आहे तिथे राज्याच्या जागांपैकी ७० टक्के हद्दीतल्या मुलांना, उरलेल्या ३० टक्के बाहेरच्यांना. म्हणजे अख्ख्या विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकणाबरोबर आमचं पोर त्या ३० टक्क्यांत ढकललं जातं. आणि ही हद्द रहिवासावरून ठरत नाही, बारावी कुठून झाली त्यावरून ठरते. शिरवळची मुलगी शिरवळलाच शिकली तर शिवाजी विद्यापीठ, आणि नीरा नदीचा पूल ओलांडून भोरच्या कॉलेजात गेली तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. घर तेच, चूल तीच. लातूरला दोन वर्षं क्लाससाठी पाठवलेला मुलगा तर थेट नांदेडच्या विद्यापीठात जमा होतो, आणि बापाला हे कळतं पोरगा बारावी झाल्यावर. शासकीय असूनही स्वायत्त असलेल्या ठिकाणी, म्हणजे पुण्याचं सीओईपी, आमच्या कराडचं शासकीय अभियांत्रिकी, इथे हा प्रश्न येत नाही. तिथे राज्याची एकच यादी.

हे कळल्यावर थोरलीसाठी मी ओ या रकान्याचे आकडे वेगळ्या वहीत उतरवले. तिच्या मैत्रिणी एच बघून खूश होत होत्या किंवा रडत होत्या, आणि दोन्ही उगीच. थोरलीला पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळालं, आमच्या यादीत जिथे मिळेल असं वाटलं होतं साधारण तिथेच.

धाकट्याचं वळण वेगळं. तो २०२१ ला दहावी झाला. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, शाळांनी मूल्यमापन करून गुण दिले. अकरावीत जायला तो तयारच नव्हता, म्हणाला, मला हाताने काहीतरी करायचंय. पॉलिटेक्निकला घातला. २०२४ ला डिप्लोमा झाला आणि थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश करायचा होता. त्याचं संकेतस्थळ वेगळं, वेळापत्रक वेगळं, सीईटीचा संबंधच नाही, गुणवत्ता डिप्लोमाच्या टक्क्यांवर. हे तुलनेने झटपट झालं, त्यामुळे त्यावर लांबवत नाही. एवढंच म्हणते की साताऱ्यासारख्या ठिकाणी डिप्लोमाची वाट लोक उगाच कमी लेखतात. ज्या शाखेला बारावीनंतर आमच्या मुलांचा नंबर लागला नसता तिथे डिप्लोमावाली मुलं दुसऱ्या वर्षाला जाऊन बसलेली मी बघितली आहेत.

दरम्यान आमची शाखा बंद होऊन कराडच्या शाखेत विलीन झाली. रोज कराडला ये-जा करायची माझी तयारी नव्हती. राजीनामा दिला. त्याच उन्हाळ्यात नणंदेचा मुलगा, मग शेजारीण, मग दूधवाल्याची पुतणी असं सुरू झालं. लोकांना वाटायचं, हिने दोघांचं केलंय, हिला सगळं माहीत आहे.

खरं म्हणजे दोघांचं केल्याने मला एकाच प्रकारच्या मुलांचं माहीत झालं होतं. आम्ही खुल्या प्रवर्गातले. आम्हा दोघांच्या पगाराची बेरीज आठ लाखांच्या वर, म्हणजे कुठलीच सवलत लागू नाही. आमच्या अर्जात दाखले कमी, रकाने रिकामे. दुसऱ्याच्या घरातला पहिला अर्ज भरायला बसले तेव्हा ते रकाने पहिल्यांदा भरलेले दिसले, आणि माहितीपुस्तिकेतली जी पानं आपल्याला नाहीत म्हणून मी उलटून टाकली होती ती सगळी पुन्हा वाचावी लागली. आपल्या मुलांचा अनुभव घेऊन जे लोक सल्ला द्यायला बसतात त्यांच्याबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. तुमची मुलगी ज्या रकान्यातून गेली त्या रकान्यापुरतं तुमचं खरं. शेजारच्या रकान्यात वेगळा गाव वसलेला असतो.

दूधवाल्याची पुतणी इतर मागासवर्गातली. तिचे चुलते विचारायला आले, ताई, ओपनमधून भरू का ओबीसीतून? ओपनमधून भरलं तर ओबीसीची जागा जाईल असं कुणीतरी सांगितलं होतं त्यांना. असं काही नसतं. अर्जात प्रवर्ग एकदा नोंदवला की संगणक तिला लागू असणारे सगळे रकाने बघतो, आधी खुला, मग राखीव, मुलींचेही. तिने फक्त कॉलेज आणि शाखा लिहायची. मात्र शिक्षण शुल्क माफी योजनेची, टीएफडब्ल्यूएसची, जागा वेगळी लिहावी लागते. तिचा कोड त्या शाखेचाच असतो, शेवटी टी जोडलेला. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ती जागा मागता येते, आणि ती मिळाली तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ. जागा थोड्या असतात, मंजूर प्रवेशक्षमतेच्या पाच टक्के, त्यामुळे कट-ऑफ चढा असतो. पण मागायलाच विसरलं तर मिळणार कुठून? मी चुलत्यांना तो टी बोटाने दाखवला. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, एवढ्याशा अक्षराचे एवढे पैसे?

पुढे जुलै २०२४ मध्ये शासनाचा निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. त्यामुळे मुलींच्या घरातलं गणित बदललं. त्यातही मेख आहे. हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून आलेल्या मुलींना. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की नाही. जूनमध्येच कुणीतरी गाठतं, म्हणतं, आत्ता पन्नास हजार भरा, जागा धरून ठेवतो, नंतर मिळणार नाही. बिचारे लोक भरतात. मुलीला कॅपमधून त्याहून चांगलं कॉलेज, तेही फीविना मिळालं असतं, हे ऑगस्टमध्ये कळतं.

दाखल्यांचा सगळा प्रकार मात्र मला घरच्यासारखा वाटला. नॉन-क्रीमी लेयर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, आणि लोकांकडे हटकून आदल्या मार्चमध्ये संपलेलं असतं. जात वैधतेचं प्रकरण तर बारावी व्हायच्या आधीच कॉलेजच्या पत्रासह जिल्हा समितीकडे टाकायला हवं. वडिलांकडच्या कुणा रक्ताच्या नातेवाईकाची वैधता झालेली असली तर काम हलकं होतं, म्हणून पहिला प्रश्न मी तोच विचारते. या प्रश्नावर घराघरांतले इतिहास बाहेर पडतात. चुलत भावाकडे वैधता आहे, पण बांधावरून दहा वर्षं बोलणं बंद आहे. वैधतेच्या एका झेरॉक्ससाठी दोन भाऊ पुन्हा बोलायला लागले असं एका गावात झालं. दुसऱ्या गावात नाही झालं, तिथे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सुरुवात करावी लागली.

आणि आमच्या भागातला सगळ्यात गुंतागुंतीचा कागद म्हणजे मराठा मुलांचा. राज्याच्या प्रवेशाला २०२४ च्या कायद्याने एसईबीसी, १० टक्के. पण जोसाला, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेला, हा प्रवर्गच नाही, कारण केंद्राच्या यादीत तो नाही. तिथे तोच मुलगा खुल्यात, किंवा पात्र असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये. राज्यात मात्र एसईबीसी लागू असलेल्याला ईडब्ल्यूएस घेता येत नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला उत्पन्नाबरोबर जमिनीचीही अट आहे. कुटुंबाची शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असली की बाद, मग ती कोरडवाहू माणची असो नाहीतर बागायती फलटणची. कुणबी नोंद सापडली असेल तर पुन्हा तिसरंच. एका मुलाचे दोन प्रवेश, दोन वेगळे प्रवर्ग, दोन वेगळ्या नमुन्यांतले दाखले. ओबीसींचंही तसंच, केंद्राचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. मी आता आलेल्याला दोन रंगांच्या फायली करायला सांगते. सेतू केंद्रातल्या मुलाला हे समजावता समजावता घसा बसतो, पण तोही आता ओळखीचा झालाय. माझ्याकडचं माणूस दिसलं की विचारतो, राज्याचा का केंद्राचा?

पैसे घ्यायला मी उशिराच सुरुवात केली. धाकटाच म्हणाला, आई, लोक तासन्‌तास बसतात, तुझा चहाचा खर्च तरी निघू दे. मग एक ठरावीक रक्कम ठेवली. एका कुटुंबाची एकदाच, अर्ज भरण्यापासून कॉलेजात हजर होईपर्यंत. शाळामास्तर, कंत्राटदार, शेतमजूर, सगळ्यांना तीच. ज्यांना ती जड जाते ते सांगतात, मग नाही घेत. काहीजण म्हणाले, अर्धे आत्ता देतो, अर्धे नंबर लागल्यावर. हे मी कधीच मान्य केलं नाही. नंबर लागण्यावर माझे पैसे असले तर मी यादीत वरती सोपी कॉलेजं घालायला लागेन, कारण ती हमखास लागतात. मग मुलाचं जे व्हायचं ते होवो.

या धंद्याला परवाना लागत नाही. परीक्षा नाही, नोंदणी नाही, उद्या कुणीही उठून काउन्सिलरची पाटी लावू शकतो. म्हणूनच पैसा कुठून येतो हे विचारायला हवं असं मी प्रत्येकाला सांगते, मलासुद्धा विचारा. दुसऱ्याच उन्हाळ्यात एका खासगी कॉलेजचे प्रतिनिधी घरी आले. साताऱ्यात येऊन साताऱ्याचेच कंदी पेढे घेऊन आले, यावरून त्यांचा अभ्यास किती ते समजलं. मॅडम, तुम्ही फक्त आमचं नाव यादीत वरच्या पाचात ठेवायचं, हेडमागे एवढे. आकडा माझ्या फीच्या कितीतरी पट होता. मी म्हटलं, ती यादी माझी नसते हो, पोराची असते. ते हसले आणि म्हणाले, सगळेच असं म्हणतात. पेढे टेबलावर राहिले होते, ते मी त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन दिले. पेढ्यांनी काही बिघडलं नसतं, पण सोसायटीत सगळ्यांची खिडकी रस्त्याकडे आहे.

आता त्या यादीबद्दल, म्हणजे कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या ऑप्शन फॉर्मबद्दल. माझं मुख्य काम तेच.

गेल्या साली वडूजकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. स्वतःचे दोन टिपर, वाळू-खडीचा धंदा, स्वभाव रोखठोक. बसल्या बसल्या म्हणाले, ताई, कॉलेज कुठलंबी चालंल, पण कॉम्प्युटरच पायजे. मुलगा शेजारी मान खाली घालून. त्याचे पर्सेंटाइल बरे होते, पण वडिलांना ते टक्के वाटत होते. ही समजूत फार घरांत आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, बसलेल्यांपैकी ९० टक्के मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागं आहेत. २०२५ ला सीईटीच्या पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. म्हणजे ९० वाल्याच्या पुढं चाळीस हजारांवर. मी हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, आणि मग मुलाकडे असं बघितलं की जणू त्या चाळीस हजारांना त्यानेच पुढं जाऊ दिलं होतं.

अशा वेळी मी वडिलांना कामाला लावते. म्हटलं, खाली झेरॉक्सवाला आहे, उत्पन्नाच्या दाखल्याच्या दोन प्रती आणता का. ते गेल्यावर मुलाला विचारलं, तुला काय पाहिजे रे? तो म्हणाला, काकू, सिव्हिल. लहानपणापासून वडिलांच्या टिपरमधून तो धरणाच्या कालव्याच्या, रस्त्याच्या कामांवर गेलेला. ते नकाशे घेऊन उभं राहणारे साहेब लोक असतात ना, तसं. मग घरी सांगितलंस का? तर नाही. सिव्हिलवाले बेकार फिरतात असं पप्पा म्हणतात, म्हणाला. गंमत बघा, पप्पांचा सगळा धंदा सिव्हिलवाल्यांच्या सह्यांवर.

वडील परत आले तेव्हा मी कोरा कागद काढला आणि मुलाला म्हटलं, तुझ्या आवडीने लिही, कट-ऑफ बघू नकोस. हे मी सगळ्यांना करायला लावते. पहिल्यांदा फक्त इच्छा. कराड सिव्हिल, पुणे सीओईपी सिव्हिल, सांगली, मग वडिलांकडे चोरून बघत कराड कॉम्प्युटर. वडिलांचा चेहरा बदलला, पण बोलले नाहीत. त्यानंतर दुसऱ्या कागदावर गेल्या वर्षीचे आकडे, त्याच्या प्रवर्गाचे आणि त्याच्या अक्षराचे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून एक यादी. वरती थोड्या हाताबाहेरच्या, मधे तोलामोलाच्या, शेवटी नक्की मिळणाऱ्या, आणि शेवटच्यांत सुद्धा ज्या कॉलेजात खरोखर जाणार नाही ते एकही नाव नको.

नेमका इथेच वडिलांनी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक घरात येतो. वर अवघड कॉलेज लिहिलं आणि ते नाही लागलं तर खालच्याचा चान्स जाणार ना? लोकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे की पहिलं नाव वाया गेलं की आपण मागे पडतो. मी त्यांना रेशनच्या दुकानाचं उदाहरण देते. रांग गुणवत्तेची. तुमचा नंबर आला की दुकानदार तुमची चिठ्ठी वरून वाचतो. गहू आहे? नाही. तांदूळ? नाही. साखर? आहे, घ्या. गहू आधी लिहिला म्हणून साखर कमी मिळत नाही, आणि रांगेतली तुमची जागाही हलत नाही. म्हणून यादी इच्छेच्या क्रमानेच हवी. सोपं वर आणि आवडतं खाली लिहिलं तर सोपं मिळाल्यावर दुकानदार पुढची चिठ्ठी वाचतच नाही.

हे त्यांना पटलं. पण २०२५ पासून या साध्या गोष्टीला एक टोक आलं आहे. फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिलं नाव लागलं तर ते पक्कं, म्हणजे ऑटो-फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलंही लागलं तरी पक्कं. तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. पक्कं झालेलं नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. त्यामुळे पहिल्या तीन ओळींवर आता आमचा निम्मा वेळ जातो. कुणी म्हणतं, असू दे की, उगीच लिहून ठेवू सीओईपी. उगीच नाही लिहायचं. लागलं तर हॉस्टेलसकट पुण्याचा खर्च उचलणार आहात का, ते आज रात्री घरी बसून ठरवा, मग उद्या फॉर्म कन्फर्म करू. मी सहसा त्याच दिवशी कन्फर्म करू देत नाही. फॉर्मची मुदत तीन-चार दिवसांची असते, एक रात्र मधे जाऊ द्यायला हरकत नसते. त्या रात्री घरात भांडणं होतात. व्हायला हवीत. ती जुलैत झाली तर ठीक, प्रवेशानंतर दुसऱ्या सत्रात झाली तर पोरगं एकटं पडतं.

वडूजचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी परत आले ते मुलाच्या आईला घेऊन. वहिनी आदल्या दिवशी आल्या नव्हत्या. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, पोराला जे पायजे ते वरती लिवा, कॉम्प्युटर खाली असू द्या ह्यांच्यासाठी. वडील खिडकीबाहेर बघत होते. आम्ही पहिल्या तिनात सिव्हिलची तीन ठेवली. चौथं कराड कॉम्प्युटर, जे त्याच्या पर्सेंटाइलला लागणार नव्हतं हे आम्हा दोघांना माहीत होतं, पण वडिलांनी ते नाव बघून मान हलवली.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण एक प्रश्न विचारतात ज्याचं उत्तर मी देत नाही: चार वर्षांनी कुठल्या शाखेला स्कोप असेल? आता सगळ्यांना एआय हवं. थोरलीच्या वेळी आयटी हवं होतं, माझ्या धाकट्या दिराच्या वेळी मेकॅनिकल. असं भाकीत ठामपणे सांगणाऱ्या काउन्सिलरपासून दूरच राहावं असं माझं मत आहे. मला कट-ऑफ सांगता येतो, फी सांगता येते, बस किती वाजता सुटते ते सांगता येतं. कॉलेज बघून या असं मी आग्रहाने सांगते, आणि बघायला गेलात तर मुख्य इमारतीसमोर फोटो काढून परत येऊ नका. प्रयोगशाळा उघडी आहे का बघा, कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या पोरांना चहा पाजा आणि शिक्षक किती बदलले ते विचारा. पोरं सगळं सांगतात. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी किती आणि हातात पावती कितीची मिळते, हेही त्याच चहावर कळतं.

काम जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगावर येतं. मधे तात्पुरती गुणवत्ता यादी, तीन दिवस हरकतींचे, अंतिम यादी, मग फेऱ्या. निकाल लागायच्या संध्याकाळी संकेतस्थळ अडखळतं आणि फोन एकदम वाजायला लागतात. तेव्हा मी फोन घेत नाही, सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. लॉगिन तुमचं आहे, पासवर्ड तुमचा आहे, तुम्हीच उघडा. मुलाचा पासवर्ड मी कधी ठेवून घेत नाही. काही मार्गदर्शक केंद्रं ठेवतात, आणि मग पोराला न विचारता फ्रीझचं बटण दाबलं जातं असं मी पालकांकडून ऐकलं आहे.

वडूजच्या मुलाला दुसऱ्या फेरीत तिसऱ्या ओळीतलं सिव्हिल लागलं, म्हणजे ऑटो-फ्रीझ. फोन वडिलांचाच आला. आवाज मोठा, मागे टिपरचं इंजिन. लागलं बघा ताई, म्हणाले, आता पुढं काय करायचं? मी सांगितलं, जागा स्वीकारल्याचे एक हजार रुपये ऑनलाइन भरा, मग दिलेल्या तारखेत मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हा, तारीख चुकली तर जागा गेली. ते म्हणाले, ते झालं, पण हॉस्टेल ह्याच फॉर्ममधनं मिळतं का? मिळत नाही, त्याचा अर्ज कॉलेजात वेगळा करावा लागतो आणि त्याची यादीही वेगळी लागते. मग टिपर कडेला घ्या, म्हटलं, आणि लिहून घ्या, कागद कुठले कुठले लागतील ते सांगते.